परदेशी वॉर्डात नर्सिंगची मुलं नेमकं काय शिकतात, आणि ते कशामुळे

जागतिक आरोग्य संघटनेचा नर्सिंगवरचा २०२५ चा रिपोर्ट आहे, त्यातला एक आकडा लक्षात ठेवण्यासारखा आहे. जगात साधारण २ कोटी ९८ लाख नर्सेस आहेत आणि दर सातातली एक नर्स आज जिथं काम करते तो तिच्या जन्माचा देश नाही. श्रीमंत देशांत तर हे प्रमाण अजून जास्त आहे. म्हणजे नर्स एका संस्कृतीतली, पेशंट दुसऱ्या आणि डॉक्टर तिसऱ्याच, हे चित्र आता बऱ्याच हॉस्पिटलांत रोजचं झालंय. म्हणूनच नर्सिंग कॉलेजं विद्यार्थ्यांना शिकत असतानाच काही आठवडे, कुठे कुठे अख्खं सेमिस्टर, परदेशातल्या हॉस्पिटलात किंवा आरोग्य केंद्रात पाठवतात आणि माहितीपत्रकात लिहितात की यातून सांस्कृतिक जाण तयार होते.

आता पालक विचारतात, मुलंही विचारतात, की तयार होते म्हणजे नेमकं काय होतं? नवीन शहर बघितलं, फोटो काढले, चार शब्द शिकले, एवढंच ना? प्रश्न अगदी रास्त आहे. माझं मत आधीच सांगून टाकते, नुसतं पाठवून फारसं काही होत नाही. जे होतं ते आधीच्या तयारीने होतं, तिथं हाताशी असलेल्या माणसामुळे होतं आणि मुलांना रोज थांबून विचार करायला लावल्याने होतं. हे तिन्ही नसेल तर विमानाच्या तिकिटाचे पैसे वाया गेले म्हणायला मी कचरणार नाही.

सांस्कृतिक जाण म्हणजे काय आणि नर्सिंगमध्ये ती आली कुठून

सोप्या भाषेत सांगायचं तर, समोरचा पेशंट आजार, दुखणं, औषध, लाज, मरण या सगळ्याकडे आपल्यापेक्षा वेगळ्या नजरेने बघत असू शकतो हे ओळखून त्याला चालेल अशी आणि तरीही सुरक्षित अशी काळजी घेता येणं, हीच सांस्कृतिक जाण. यात भाषा येते, धर्म येतो, पण तेवढंच नाही. निर्णय घरात कोण घेतं, परक्या माणसाने अंगाला हात लावलेला चालतो का, वेदना बोलून दाखवायची असते की गिळायची असते, वाईट बातमी आधी कोणाला सांगायची, हे सगळं त्यात येतं.

ही कल्पना नर्सिंगमध्ये पक्की रुजवली ती अमेरिकेतल्या मॅडलिन लायनिंजर यांनी. १९५० च्या दशकात त्या मानसिक त्रास असलेल्या लहान मुलांसोबत काम करत होत्या आणि त्यांच्या लक्षात आलं की वेगवेगळ्या घरांतून आलेली मुलं एकाच प्रकारच्या काळजीला अगदी वेगवेगळा प्रतिसाद देतात आणि आपल्या शिक्षणात याचं उत्तरच नाहीये. मग त्या मानववंशशास्त्र शिकल्या, पापुआ न्यू गिनीच्या डोंगराळ भागात गडसुप लोकांमध्ये जाऊन राहिल्या आणि तिथून परतल्यावर त्यांनी या विषयाची वेगळी शाखाच उभी केली. त्याची संघटना १९७४ मध्ये सुरू झाली. मला यातलं महत्त्वाचं हे वाटतं की त्यांचा प्रश्न वॉर्डातून आला होता. मुलं बरी होत नव्हती म्हणून त्या शोधायला निघाल्या, प्रवासाची हौस म्हणून नाही.

पुढे जोसेफा कॅम्पिन्या-बकोटे यांनी याचे पाच भाग सांगितले, ते आजही बऱ्याच ठिकाणी शिकवतात. स्वतःचे पूर्वग्रह ओळखणं, दुसऱ्या समाजाची माहिती असणं, योग्य प्रकारे विचारण्याचं आणि तपासण्याचं कौशल्य, प्रत्यक्ष भेटीगाठी, आणि मुळात हे करायची इच्छा. परदेशी पोस्टिंगने यातला चौथा भाग आपोआप मिळतो, भेटी होतात. बाकीचे चार मिळतीलच याची काही गॅरंटी नाही आणि नेमकं तिथंच कॉलेजं चुकतात.

पण तिथं राहिलं की आपोआप कळतंच ना?

नाही कळत, आणि याचं कारण समजून घेण्यासारखं आहे. आपली संस्कृती आपल्याला दिसत नाही. खोलीतला पंखा दिवसभर चालू असतो तोवर त्याचा आवाज ऐकूच येत नाही, लाइट गेली की एकदम कळतं की अरे, केवढा आवाज होता. परदेशी वॉर्डात गेल्यावर हा पंखा बंद होतो. पण बंद झाल्यावर जी अस्वस्थता येते तिचं काय करायचं हे कोणी सांगितलं नाही तर मुलं सरळ निष्कर्षावर येतात, की इथले लोक विचित्र आहेत, इथली सिस्टिम मागासलेली आहे, नाहीतर उलट, इथलं सगळं भारी आणि आपलं सगळं टाकाऊ. दोन्हीत शिकणं झालंच नाही.

मिल्टन बेनेट यांनी १९८६ मध्ये या प्रवासाच्या सहा पायऱ्या मांडल्या. सुरुवातीला माणूस फरक आहे हेच मानत नाही, मग फरक दिसला की बचावाच्या पवित्र्यात जातो, मग म्हणतो शेवटी माणसं सगळी सारखीच. ही तिसरी पायरी फार फसवी आहे, कारण ती ऐकायला चांगली वाटते, आणि परदेशात जाऊन आलेली बरीच मुलं तिथंच थांबतात असं माझं निरीक्षण आहे. पुढच्या तीन पायऱ्यांवर माणूस फरक मान्य करतो, त्याप्रमाणे स्वतःचं वागणं बदलायला शिकतो आणि शेवटी दोन्हीकडे सहज वावरतो.

दुसरी गोष्ट, गॉर्डन ऑलपोर्ट या मानसशास्त्रज्ञाने १९५४ मध्येच सांगून ठेवलंय की वेगळ्या गटातली माणसं नुसती एकत्र आली म्हणून पूर्वग्रह कमी होत नाहीत. दोघांचा दर्जा बरोबरीचा हवा, ध्येय एक हवं, काम मिळून करायला हवं आणि वरच्यांचा त्याला पाठिंबा हवा. आता वॉर्डाकडे बघा. पेशंट पलंगावर, अर्ध्या कपड्यांत, घाबरलेला. विद्यार्थिनी युनिफॉर्ममध्ये उभी, हातात फाइल. बरोबरी कुठे आहे यात? म्हणून शहाणे कोर्स परदेशी विद्यार्थिनीची जोडी तिथल्याच नर्सिंगच्या विद्यार्थिनीशी लावून देतात, दोघींना मिळून एकच केस देतात, दोघी मिळून केअर प्लॅन लिहितात, मिळून हँडओव्हर, म्हणजे शिफ्ट बदलताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती, देतात. तिथं बरोबरी असते, त्यामुळे शिकणंही होतं.

परदेशात शिकायला गेलेल्या हजारावर अमेरिकन विद्यार्थ्यांचा एक मोठा अभ्यास २००९ मध्ये आला होता, फक्त नर्सिंगचा नव्हे, सगळ्याच शाखांचा. ज्यांना तिथं अनुभवांवर बोलायला, प्रश्न विचारून विचार करायला लावणारा मेंटॉर होता त्यांची जाण जास्त वाढली, हा त्यातला ठळक मुद्दा होता. स्थानिक कुटुंबात राहिल्याने आपोआप फायदा होईल असं सगळे धरून चालतात, तर नुसतं राहिल्याने तसं झालेलं दिसलं नाही.

मग जाण्याआधी त्या देशाची माहिती पाठ करून घेतली तर?

माहिती हवीच. कुठल्या आजारांचं प्रमाण जास्त आहे, हॉस्पिटल कसं चालतं, पैसे कोण भरतं, नर्सला काय काय करायचा अधिकार आहे, इतिहासात त्या लोकांवर काय गुजरलंय, हे न वाचता जाणं म्हणजे पेशंटचा अपमान आहे. पण अमुक लोक असे असतात छापाच्या याद्या पाठ केल्या की त्याचं उलटं होतं, आणि त्याचं एक उदाहरण मी प्रत्येक बॅचला सांगायला हवं अशा मताची आहे.

१९९८ मध्ये मेलनी टर्वेलॉन आणि जॅन मरे-गार्सिया या दोन अमेरिकन डॉक्टरांनी लिहिलेल्या लेखात हा प्रसंग आहे. ऑपरेशन होऊन काही तास झालेली मध्यमवयीन लॅटिना, म्हणजे लॅटिन अमेरिकन वंशाची, पेशंट कण्हत पडली होती. तिथं आलेल्या लॅटिनो डॉक्टरने नर्सला म्हटलं की हिला बरंच दुखतंय असं दिसतंय. नर्सने ते उडवून लावलं, म्हणाली मी नर्सिंग स्कूलमध्ये वेगवेगळ्या संस्कृतींवरचा कोर्स केलाय, मला माहितीये, हे लोक दुखणं वाढवून दाखवतात. विचार करा, ती नर्स कोर्स न केलेली असती तर कदाचित तिने पेनकिलरचा विचार केला असता. कोर्समुळे तिचे कान बंद झाले.

म्हणून त्या दोघींनी सांस्कृतिक नम्रता हा शब्द पुढे आणला, म्हणजे मला हे लोक कळले असं कधीच न मानता आयुष्यभर स्वतःला तपासत राहायचं आणि समोरच्याकडून शिकत राहायचं. एकाच समाजातली दोन माणसंही सारखी नसतात. यहोवाचे साक्षीदार या ख्रिस्ती पंथाचे लोक रक्त घेत नाहीत एवढं सगळ्यांना माहीत असतं, पण रक्तापासून बनवलेले काही घटक, जसं अल्ब्युमिन, घ्यायचे की नाही हे त्यांच्यात ज्याच्या त्याच्या विवेकावर सोडलेलं असतं. म्हणजे फाइलवर धर्म वाचून नर्सला काही ठरवता येत नाही, त्या माणसाला विचारावंच लागतं. माहितीचा उपयोग इतकाच, की काय विचारायचं ते सुचतं.

विचारायचं म्हणजे कसं विचारायचं

अमेरिकेतले मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये काही साधे प्रश्न सुचवले होते आणि ते इतके उपयोगी आहेत की मुलांनी ते खिशात घेऊनच जावं. तुम्हाला काय वाटतं, हा त्रास कशामुळे झाला? तो याच वेळी का सुरू झाला असेल? याने तुमचं काय काय अडलंय? कोणता उपचार मिळायला हवा असं वाटतं? आणि सगळ्यात महत्त्वाचा, तुम्हाला यात सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? हे प्रश्न कुठल्याही देशात चालतात, कारण त्यात उत्तर आधीच भरलेलं नाहीये.

दुखण्याचंच घ्या. विद्यार्थिनी शून्य ते दहाचा स्केल विचारते, पेशंट म्हणतो तीन. पण तो कुशीवर वळत नाहीये, श्वास वरवरचा घेतोय, मुठीत चादर घट्ट धरलीये. कच्ची विद्यार्थिनी तीन लिहून पुढच्या बेडकडे जाते. अर्धवट शिकलेली म्हणते की या लोकांत दुखणं दाखवत नाहीत, आणि स्वतःच सात लिहिते. नीट शिकलेली तिथंच थांबून विचारते, तीन म्हणजे तुमच्यासाठी किती? उठून बसता येईल का? खोकताना काय होतं? आणि वाढलं तर मला कसं कळवाल? मग कळतं की त्याला वाटत होतं जास्त सांगितलं तर घरी सोडणार नाहीत. यात संस्कृतीचा काही संबंध असेलही किंवा नसेलही, पण विचारल्याशिवाय कळलं नसतं हे नक्की.

मान डोलावण्याचंही तसंच आहे. घरी सोडताना जखमेची ड्रेसिंग कशी बदलायची ते विद्यार्थिनी समजावते, पेशंट मान हलवत राहतो, शेवटी ती विचारते समजलं ना, तो हो म्हणतो. ही मान म्हणजे मी ऐकतोय अशी असू शकते, तुम्हाला वाईट वाटू नये म्हणून असू शकते, नाहीतर आता जा अशीही असू शकते. त्यापेक्षा असं म्हणायचं, की मी नीट सांगितलं की नाही ते मला बघायचंय, तर घरी गेल्यावर कसं कराल ते मला एकदा करून दाखवा. पेशंट जुनी पट्टी काढतो, आणि त्याच ग्लोव्हजनी नवीन स्टराइल, म्हणजे निर्जंतुक, गॉज उचलतो. बस, चूक सापडली, तिथंच दुरुस्त झाली आणि पेशंटला कमीपणाही आला नाही कारण परीक्षा नर्सच्या सांगण्याची होती. या पद्धतीला टीच-बॅक म्हणतात.

भाषा येत नसेल तर दुभाष्या लागतो, आणि तो शक्यतो त्याच कामासाठी नेमलेला असावा, घरचं माणूस नको, लहान मूल तर नकोच नको. घरचा माणूस वाईट बातमी गाळतो, स्वतःचं मत मिसळतो, आणि बाईला तिच्या मुलासमोर पाळीबद्दल सांगायला लावणं हे बरोबर नाही. बोलताना पेशंटकडे बघायचं, दुभाष्याकडे नाही, वाक्यं लहान ठेवायची आणि एका वेळी एकच प्रश्न विचारायचा. ऐकायला सोपं वाटतं पण पहिल्यांदा करताना जवळपास सगळेच दुभाष्याकडे तोंड करून बोलतात, त्यामुळे हे जाण्याआधी वर्गातच चार वेळा करून घ्यावं.

त्वचेचा रंगही शिकावा लागतो

हा भाग बरेच जण विसरतात. ज्या मुलांनी आपल्या पुस्तकांत आणि स्किल लॅबमधल्या पुतळ्यांत एकाच रंगाची त्वचा बघितलीये त्यांना दुसऱ्या रंगाच्या त्वचेवर लालसरपणा, कावीळ, निळसरपणा ओळखता येत नाही. गडद त्वचेवर ऑक्सिजन कमी झाल्याचा निळेपणा गालावर शोधून सापडत नाही, तो ओठांच्या आतल्या बाजूला, हिरड्यांवर, डोळ्यांच्या पापणीच्या आत बघावा लागतो. बेडसोरची, म्हणजे पडून राहिल्याने दाबामुळे होणाऱ्या जखमेची, पहिली पायरी लाल दिसेलच असं नाही, तिथं हात लावून गरम आहे का, कडक आहे का ते बघावं लागतं. बाळांच्या पाठीवर-कुल्ल्यांवर जन्मतःच असणारे निळसर डाग मार लागल्याच्या खुणा समजून आईबापांवर संशय घेतल्याच्याही घटना घडल्यात.

यंत्रंही यातून सुटलेली नाहीत. २०२० मध्ये आलेल्या एका अमेरिकन अभ्यासात दिसलं की बोटाला लावायचं पल्स ऑक्सिमीटर नॉर्मल आकडा दाखवत असताना रक्तातला ऑक्सिजन प्रत्यक्षात कमी असण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय पेशंटमध्ये गोऱ्या पेशंटच्या जवळपास तिप्पट होतं. २०१६ च्या दुसऱ्या एका अभ्यासात गोऱ्या मेडिकल स्टुडंट्स आणि रेसिडेंट डॉक्टरांपैकी जवळपास निम्म्यांनी कृष्णवर्णीयांच्या शरीराबद्दलची किमान एक खोटी समजूत खरी मानली होती, उदाहरणार्थ त्यांची कातडी जाड असते. शिकलेली माणसं होती ही. त्यामुळे मी चांगल्या मनाची आहे, माझ्यात पूर्वग्रह नाहीत, एवढ्यावर विसंबून राहता येत नाही.

मेंटॉर नेमकं काय करतो

मुलं तिथं गेल्यावर पहिले काही दिवस सगळं छान वाटतं. मग थकवा येतो, चिडचिड होते, रडू येतं, वॉर्डात जायला नको वाटतं. कालेर्व्हो ओबर्ग या मानववंशशास्त्रज्ञाने १९५४ च्या एका भाषणात कल्चर शॉकच्या ज्या पायऱ्या सांगितल्या त्या आजही तशाच दिसतात. हे होणारच आहे, हे मुलांना आधीच सांगून ठेवावं, नाहीतर त्यांना वाटतं आपल्यातच काहीतरी कमी आहे. पण सगळ्यांत मोठं काम असतं ते रोजच्या डायरीवरचं.

समजा एका विद्यार्थिनीने लिहिलंय, इथले नातेवाईक फार ढवळाढवळ करतात, पेशंटला बोलूच देत नाहीत. मेंटॉर तिला म्हणते, आता यातलं तू डोळ्यांनी बघितलेलं काय आणि तुझं मत काय ते वेगळं कर. मग ती पुन्हा लिहिते. खोलीत सहा जण होते. मी प्रश्न आजींना विचारला, उत्तर मोठ्या मुलाने दिलं. आजी त्याच्याकडे बघत होत्या. मला अस्वस्थ वाटलं, कारण मला शिकवलंय की पेशंटच्या आजाराबद्दल पेशंटशीच बोलायचं. आता बघा, शेवटचं वाक्य आजींबद्दल नाहीच, ते तिच्या स्वतःच्या शिक्षणाबद्दल आहे.

इथं मेंटॉर तिला एक अभ्यास दाखवू शकते. १९९५ मध्ये आलेल्या त्या अभ्यासात लॉस एंजेलिसमधल्या ६५ वर्षांवरच्या ८०० लोकांना विचारलं होतं की शरीरात पसरलेला कॅन्सर असेल तर पेशंटला तसं सांगावं का. युरोपियन वंशाच्या ८७ टक्के लोकांनी हो म्हटलं, कोरियन वंशाच्या फक्त ४७ टक्क्यांनी. फरक मोठा आहे, पण नीट बघितलं तर कोरियन वंशाचे जवळपास निम्मे लोक हो म्हणत होते, म्हणजे आकडा बघूनही समोरच्या आजींचं उत्तर कळत नाही. मग दुसऱ्या दिवशी ती विद्यार्थिनी, दुभाष्याला घेऊन, नातेवाईक बाहेर असताना आजींना विचारते, तुमच्या उपचाराबद्दल कोणाशी बोललेलं तुम्हाला बरं वाटेल, तुमच्याशी, मुलाशी की दोघांशी मिळून? आणि जे उत्तर येईल ते फाइलवर लिहिते, म्हणजे रात्रपाळीच्या नर्सलाही कळतं. डायरीतल्या एका चिडक्या ओळीपासून हे इथपर्यंत आलं. मेंटॉर नसती तर ती ओळ तशीच घरी आली असती आणि पुढे आयुष्यभर मत म्हणून राहिली असती.

चांगली नर्स सगळ्यांना सारखंच वागवते, मग हे कशाला?

हा आक्षेप मी सगळ्यात जास्त ऐकते आणि तो प्रामाणिक असतो. सारखं वागवायचं म्हणजे सारखा आदर आणि सारखी सुरक्षितता, हे बरोबरच आहे. पण सारखी कृती केली की सारखा परिणाम येत नाही. रमजानमध्ये इन्सुलिन घेणाऱ्या पेशंटला इतर सगळ्यांसारखंच वेळेवर खा म्हणून सांगितलं तर काय होतं? आजारी माणसाला रोजा न ठेवण्याची सूट धर्मातच आहे, तरी बरेच जण ठेवतात. नर्स रागावेल म्हणून ते सांगत नाहीत आणि इन्सुलिनचा डोस स्वतःच्या मनाने बदलतात, म्हणजे शुगर एकदम खाली जायचा धोका. त्याच पेशंटला महिनाभर आधी विचारलं असतं, तर डॉक्टरांशी बोलून डोस आणि वेळा बदलता आल्या असत्या, शुगर कधी तपासायची आणि किती खाली गेली की रोजा सोडायचा हे ठरवता आलं असतं. यासाठी मधुमेहतज्ज्ञांची रीतसर मार्गदर्शक तत्त्वंही आहेत.

मग चुकीच्या प्रथाही मान्य करायच्या का?

नाही, आणि याबाबत मुलांच्या मनात गोंधळ ठेवू नये. समजून घेणं आणि मान्य करणं या वेगळ्या गोष्टी आहेत. लायनिंजर यांनी यासाठी तीन वाटा सांगितल्या होत्या, त्या कामाच्या आहेत. जे निरुपद्रवी आहे, म्हणजे गळ्यातला ताईत, प्रार्थना, पलंगाची दिशा, ते जपायचं. जे थोडं बदलून सुरक्षित होईल ते दोघांनी मिळून बदलायचं, ताईत ऑपरेशनच्या वेळी गळ्याऐवजी दुसरीकडे सुरक्षित बांधता येतो का हे विचारायचं. आणि जे घातक आहे ते बदलायला मदत करायची, पण पेशंटला कमी न लेखता. कोणाला इजा होतेय, मुलावर किंवा बाईवर जबरदस्ती होतेय असं दिसलं तर विद्यार्थिनीने स्वतः हिरो व्हायचं नाही, लगेच तिथल्या इन्चार्जला सांगायचं, कारण त्या देशाचा कायदा आणि मदतीचे मार्ग त्यांना माहीत असतात.

आणि तिथल्या पेशंटचं काय?

हा प्रश्न फार कमी लोक विचारतात आणि माझ्या मते तो पहिला असायला हवा. गरीब देशात गेलं की विद्यार्थ्यांना इथं न मिळणारी कामं करायला मिळतात, टाके घाल, डिलिव्हरी कर, असा एक समज पसरलेला आहे. हे साफ चूक आहे. जे काम स्वतःच्या देशात देखरेखीशिवाय करायची परवानगी नाही ते दुसऱ्या देशातल्या माणसाच्या अंगावरही करायचं नाही. तिथल्या स्टाफने आग्रह केला तरी मला हे शिकवलेलं नाही, मी फक्त बाजूला उभी राहून बघते, असं म्हणता यायला हवं, आणि हे वाक्य जाण्याआधी मोठ्याने म्हणून सराव करावा कारण प्रत्यक्षात सीनियरसमोर तोंडातून निघत नाही. फोटोंचंही तेच, पेशंटचा फोटो सोशल मीडियावर टाकायचा नाही म्हणजे नाही, मूल कितीही गोड असलं तरी.

शिवाय परदेशी विद्यार्थ्यांना सांभाळायला तिथल्या सिस्टरचा वेळ जातो, तिची शिफ्ट लांबते. यजमान हॉस्पिटलला बदल्यात काय मिळतं, त्यांची मुलंही इकडे येऊ शकतात का, कोर्स ठरवताना त्यांना विचारलं होतं का, हे कॉलेजला प्रवेशाच्या वेळीच विचारा.

जायला परवडत नसेल तर?

तर सगळं संपलं असं अजिबात नाही. दोन देशांतले वर्ग ऑनलाइन जोडून, एकाच केसवर दोन्हीकडच्या मुलांनी मिळून काम करायचं, अशी पद्धत बरीच विद्यापीठं वापरतात. समोरासमोरच्या पेशंटची सर त्याला नाही, पण मेंटॉरशिवायच्या दोन आठवड्यांच्या सहलीपेक्षा ते मला बरं वाटतं. आणि कुठल्याही मोठ्या शहरात स्थलांतरित असतात, वेगळी भाषा बोलणारे, वेगळ्या श्रद्धांचे, अपंगत्वासोबत जगणारे लोक असतात. वर दिलेले सगळे प्रश्न तिथंही विचारता येतात.

याचा फायदा सिद्ध झालाय का?

विद्यार्थ्यांचा आत्मविश्वास आणि स्वतःबद्दलचं मत सुधारतं असं बरेच अभ्यास सांगतात. पण ते बहुतेक मुलांनीच भरलेल्या फॉर्मवर असतात आणि मला जमतं असं वाटणं आणि खरंच जमणं यात अंतर आहे. आरोग्य कर्मचाऱ्यांना असं प्रशिक्षण दिल्याने पेशंटला फायदा होतो का याचा कोक्रेन या वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या संस्थेचा आढावा २०१४ मध्ये आला, त्यात निकषांत बसणारे जेमतेम पाच प्रयोग सापडले. एका प्रयोगात पेशंटचा सहभाग वाढलेला दिसला, पण पुरावा कमकुवत होता. त्यामुळे हे निरुपयोगी आहे असं ठरत नाही, पण कॉलेजने फक्त फीडबॅक फॉर्मवर खूश राहू नये हे नक्की ठरतं.

मोजायचं कसं याचा एक रस्ता न्यूझीलंडने दाखवलाय. तिथल्या मूळनिवासी माओरी समाजातल्या नर्स इरिहापेती रॅम्सडेन यांनी म्हटलं की काळजी सांस्कृतिकदृष्ट्या सुरक्षित होती की नाही हे नर्सने ठरवायचंच नाही, ज्याला ती काळजी मिळाली त्याने, म्हणजे पेशंटने ठरवायचं. १९९२ पासून तिथल्या नर्सिंग शिक्षणात हा विषय सक्तीचा झाला, त्यावर बराच वाद झाला, तरी तो टिकला. परदेशी पोस्टिंगलाही हे लावता येतं. शेवटच्या आठवड्यात विद्यार्थिनी नसताना, तिथल्याच भाषेत पेशंटला तीन गोष्टी विचारायच्या, तिने तुमचं ऐकून घेतलं का, काही करण्याआधी विचारलं का, काही बोलायचं राहून गेलं का. आणि परत आल्यावर एक-दोन महिन्यांनी, प्रवासाची नवलाई ओसरल्यावर, त्या उत्तरांवर मेंटॉरसोबत पुन्हा एकदा बसायचं. बहुतेक कॉलेजं परत आल्याच्या आठवड्यातच प्रेझेंटेशन घेऊन विषय बंद करतात. ती तारीख पुढे ढकलायला काही खर्च येत नाही.